मेरीची मेणबत्ती



आमच्या गटातल्या एका सुनेने बारावीचं गणिताचं पुस्तक पुन्हा हातात घेतलंय. लग्नामुळे तिचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. पुस्तक तिने मोबाईलवर उतरवून घेतलं. रात्री भांडी आटोपली की ती एकेक उदाहरण सोडवते आणि मोबाईलमध्येच धड्याप्रमाणे टिपणं ठेवते. घरच्यांना वाटलं, ही सिनेमे बघते. म्हणून रात्री नऊनंतर मोबाईल सासूबाईंकडे, असं ठरलं. बैठकीत तिने हे सांगितलं आणि आम्हाला स्कॉटलंडची मेरी सोमरव्हिल आठवली.

मेरीचा जन्म १७८० सालचा. शाळा म्हणाल तर जेमतेम एक वर्ष. एकदा चहापानाला गेली असताना मैत्रिणीने तिला बायकांचं एक मासिक दाखवलं. त्यात विणकाम-भरतकाम होतं आणि एक कोडंही होतं, एक्स आणि वाय अशा अक्षरांचं. हे काय, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, "याला बीजगणित म्हणतात." तिथून तिला नाद लागला. पुस्तक आणायचं कसं? मुलीने दुकानात जाऊन गणिताचं पुस्तक मागायची सोय नव्हती. शेवटी भावाच्या शिक्षकांनी आणून दिलं.

दिवसा घरकाम, शिवण, पियानो. अभ्यास रात्री. मग नोकरांनी आईकडे तक्रार केली, की मेणबत्त्या लवकर संपतात. मेरी झोपायला गेली की मेणबत्ती काढून न्यायचा हुकूम सुटला. इतक्या अभ्यासाने पोरीच्या डोक्यावर परिणाम होईल, असं वडिलांना वाटे. पण तोवर युक्लिडच्या भूमितीचे सहा भाग तिचे वाचून झाले होते. अंधारात पडल्या पडल्या ती ते मनातल्या मनात पहिल्यापासून सोडवत बसे. तिची वही म्हणजे तिचं डोकंच!

१८०४ मध्ये लग्न झालं. बायकांना कसली आलीय बुद्धी, असं मानणारा नवरा मिळाला. तीनच वर्षांत तो वारला. दोन मुलांना घेऊन मेरी माहेरी आली. आता हातात थोडा पैसा होता आणि अडवणारं कोणी नव्हतं. १८११ मध्ये एका गणिती मासिकातलं कोडं सोडवून तिने चांदीचं पदक मिळवलं. पुढच्या वर्षी दुसरं लग्न ठरलं, तेव्हा धाकट्या नणंदेचं पत्र आलं, की हे वेडे अभ्यास सोडा आणि माझ्या भावाचा नीट संसार करा. नवरा मात्र पाठीशी उभा राहिला.

वयाच्या ३३ व्या वर्षी तिने कलनाची, म्हणजे कॅल्क्युलसची, फ्रेंच पुस्तकं विकत घेतली. कलन म्हणजे काय? टाकीत पाणी पडतंय. या क्षणाला ते किती वेगाने चढतंय हे काढणं म्हणजे विकलन. क्षणाक्षणाला पडलेलं पाणी जोडून एकूण किती साठलं हे काढणं म्हणजे संकलन. ग्रह-ताऱ्यांची चाल याच गणिताने मोजतात.

ते शिकून तिने लाप्लास या फ्रेंच विद्वानाचा आकाशगणिताचा अवघड ग्रंथ इंग्रजीत समजावून लिहिला. जमलं नाही तर कागद चुलीत घाला, या अटीवर. लिहिताना पाहुणे आले की ती कागद लपवून ठेवी. १८३१ मध्ये पुस्तक निघालं आणि केंब्रिज विद्यापीठात मुलं त्यावर अभ्यास करू लागली. आज स्कॉटलंडच्या एका बँकेच्या १० पौंडांच्या नोटेवर तिचं चित्र आहे.

ऑक्सफर्डमधल्या मुलींच्या एका कॉलेजला तिचं नाव दिलं गेलं. १८८९ मध्ये तिथे कायदा शिकायला गेलेली कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकची.

मैत्रिणींनो, मेरीला अडवणाऱ्यांत आई होती, नणंद होती. वाईट त्या नव्हत्या. ही पोर काय करते आहे, हे त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं.

म्हणून आमच्यापैकी दोघी त्या सुनेच्या घरी गेलो. मोबाईल उघडून सासूबाईंना एकेका धड्याची टिपणं दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "हे सगळं हिनं लिहिलं?" एवढंच विचारलं. आता मोबाईल रात्री दहापर्यंत तिच्याकडे असतो. एक तास मिळाला.

तुमच्या गटात असा तास कुणाला हवाय, ते पुढच्या बैठकीत जरूर विचारा.