कंट्री-रॅप

कंट्री-रॅप : अमेरिकी कंट्री संगीतातील बॅंजो, गिटार व ग्रामीण बोली आणि हिप-हॉपमधील ड्रम-मशीनचा ठेका व तालावर बोललेले शब्द यांच्या मेळातून घडलेला गीतप्रकार. त्याला ‘हिक-हॉप’ असेही म्हणतात. ‘हिक’ हा अमेरिकेत गावंढळ माणसाला हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द असल्याने या नोंदीत ते नाव टाळले आहे. या प्रकारातील सर्वाधिक गाजलेली गाणी रचनेने फार साधी आहेत : पुन्हा पुन्हा येणारे एक छोटे आवर्तन, मोजके सूर, पहिल्याच ऐकण्यात तोंडी बसणारे ध्रुवपद. या साधेपणाला उथळपणा समजणे चूक आहे. दोन परंपरांमध्ये जे आधीपासून सामाईक होते तेवढेच ठेवून बाकीचे काढून टाकले की असे गाणे तयार होते, आणि काय काढायचे हे कळायला चांगला कान लागतो.

हे सामाईकपण जुने आहे. बॅंजो हे कंट्रीचे ओळखचिन्ह मानले जाते. पण ते पश्चिम आफ्रिकेतील भोपळ्याच्या तंतुवाद्यांपासून आले आणि अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ते घडवले. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेकडील संगीत विक्रीच्या सोयीसाठी दोन खणांत टाकले. गोऱ्या ग्राहकांसाठी ‘हिलबिली’, कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस रेकॉर्ड्‌स’. गाणारे-वाजवणारे ही भिंत नेहमीच पाळत होते असे नाही. कंट्रीचा आद्य तारा जिमी रॉजर्स याच्या १९३० मधील ‘ब्लू योडेल नं. ९’ या ध्वनिमुद्रणात लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट आहे. तालावर बोलणेही कंट्रीला परके नव्हते. ख्रिस बुशियॉनने १९२६ मध्येच ‘टॉकिंग ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले होते. त्यात गिटार चालू राहते आणि गायक गात नाही, सांगतो. आपल्या गावाचा अभिमान, खिशातली चणचण, दारू, गाडी, बढाई हे विषयही दोन्हीकडे तेच. म्हणून कंट्री-रॅप ऐकणाऱ्याला ओळखीचे काहीतरी नव्या कपड्यांत भेटल्यासारखे वाटते.

मात्र नुसती सरमिसळ पुरत नाही. २००५ मध्ये काऊबॉय ट्रॉय या कृष्णवर्णीय गायकाचे ‘आय प्ले चिकन विथ द ट्रेन’ आले. त्यात रॅप भरगच्च, वाद्यवृंद भरगच्च. बिलबोर्ड या नियतकालिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत ते पहिल्या चाळिसातही पोचले नाही. त्याच्या आदल्या वर्षी रॅपर नेली आणि कंट्री गायक टिम मॅकग्रॉ यांचे ‘ओव्हर अँड ओव्हर’ गाजले होते. एकच सुरावट हळुवारपणे घोळवणारे ते विरहगीत होते. पुढे २०११ मध्ये जेसन आल्डीनचे ‘डर्ट रोड अँथम’, आणि मग फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या जोडीचे ‘क्रूझ’. नेलीच्या सहभागाने आलेल्या त्याच्या नव्या आवृत्तीमुळे हे गाणे कंट्री यादीत एकूण २४ आठवडे पहिले राहिले. बिलबोर्डने ऑक्टोबर २०१२ पासून कंट्री यादीत इंटरनेटवरील श्रवण आणि इतर प्रकारांच्या रेडिओ केंद्रांवरील वादन धरायला सुरुवात केली होती, तेही या यशामागे होते. यादी कशी मोजतात यावर गाणे किती मोठे ठरते हे अवलंबून असते. पुढच्या प्रकरणात हाच मुद्दा कळीचा ठरला.

‘ओल्ड टाऊन रोड’ : नेदरलँड्‌समधील यंगकिओ या तरुण निर्मात्याने नाइन इंच नेल्स या रॉक गटाच्या २००८ मधील वाद्यसंगीताच्या अल्बममधून बॅंजोचा एक तुकडा उचलला, त्याखाली ट्रॅप या हिप-हॉपच्या उपप्रकारातला खर्जाचा ठेका घातला आणि ते संगीत इंटरनेटवर विकायला ठेवले. जॉर्जिया राज्यातील अटलांटाजवळ राहणाऱ्या, कॉलेज सोडलेल्या लिल नास एक्सने (मूळ नाव माँटेरो लॅमार हिल, जन्म १९९९) ते ३० डॉलरला घेतले. डिसेंबर २०१८ मध्ये आलेले गाणे १ मिनिट ५३ सेकंदांचे होते.

इतक्या थोड्या वेळात त्यात काय घडते ते सावकाश ऐकण्यासारखे आहे. आधी बॅंजो ऐकू येतो, आणि ध्रुवपदासाठी ताटकळावे लागत नाही. ते सुरुवातीलाच येते. खर्जाचा ठेका मात्र थोडा थांबून कोसळतो. आवाज फार वर चढत नाही, त्यामुळे लहान मुलापासून बेसूर माणसापर्यंत कोणालाही ते म्हणता येते. शब्दांत घोडा, टोपी, बूट अशी डोळ्यांपुढे लगेच उभी राहणारी चित्रे आहेत, आणि सगळ्यांच्या मागे एकटाच दूर निघालेला गुराखी. जुन्या अमेरिकेत कृष्णवर्णीय गुराखी मोठ्या संख्येने होते आणि चित्रपटांनी त्यांना बहुतांशी पुसून टाकले. त्यामुळे एका कृष्णवर्णीय तरुणाने घोड्यावर बसणे ही कल्पना वाटते तितकी उसनी नाही.

टिकटॉकवर याच क्षणभर थांबलेल्या ठेक्याचा उपयोग झाला. ठेका कोसळताच साध्या कपड्यांतला माणूस एकदम गुराख्याच्या वेशात दिसे, अशा चित्रफितींची लाट आली. गाण्यात शिरायला जागा होती, म्हणून लोक त्यात शिरले. सगळा अवकाश गायकाने स्वतःच भरून टाकला असता तर हे झाले नसते. लांबीचाही हातभार लागला : स्पॉटिफायसारख्या सेवेवर ३० सेकंद वाजले की एक श्रवण धरले जाते, आणि दोन मिनिटांच्या आत संपणारे गाणे पुन्हा लावायला कोणी कचरत नाही.

मार्च २०१९ मध्ये गाणे बिलबोर्डच्या कंट्री यादीत १९ व्या स्थानावर आले आणि लगेच यादीतून काढले गेले. आजच्या कंट्रीचे घटक त्यात पुरेसे नाहीत, असे कारण दिले गेले. त्याआधी कितीतरी गोऱ्या गायकांनी ड्रम-मशीन आणि रॅपचा बाज खुशाल वापरला होता आणि त्यांची गाणी त्या यादीत निर्वेध राहिली होती. हा निर्णय अन्यायाचा होता, असे इथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. १९२० च्या दशकातले खण त्यात पुन्हा दिसले. ५ एप्रिलला ज्येष्ठ कंट्री गायक बिली रे सायरस यांच्या आवाजासह नवी आवृत्ती आली, आणि त्याच महिन्यात गाणे सर्व प्रकारांच्या मुख्य यादीत, म्हणजे ‘हॉट १००’ मध्ये पहिले झाले. तिथे ते सलग १९ आठवडे राहिले. मरायाह केरी व बॉइज टू मेन यांचे ‘वन स्वीट डे’ आणि ‘देस्पासितो’ यांचा १६ आठवड्यांचा विक्रम मागे पडला. यंग थग, मेसन रॅम्झी, बीटीएसचा आरएम यांच्यासोबतच्या आणखी आवृत्त्या निघाल्या आणि त्यांचे श्रवण एकाच गाण्याच्या खात्यात जमा होत गेले. जानेवारी २०२० मध्ये गाण्याला दोन ग्रॅमी मिळाली.

त्याच २०१९ मध्ये ब्लँको ब्राऊनचे ‘द गिट अप’ १२ आठवडे कंट्री यादीत पहिले होते. त्यातले शब्द म्हणजे बहुतांशी नाचाच्या सूचना. कंट्रीच्या बारमध्ये ओळीने उभे राहून नाचण्याची जी रीत आहे, तिला ते थेट जाऊन भिडले.

‘अ बार साँग (टिप्सी)’ : व्हर्जिनियात वाढलेला, नायजेरियन आईवडिलांचा मुलगा शबूझी याचे एप्रिल २०२४ मधील गाणे. जे-क्वॉनच्या २००४ मधील ‘टिप्सी’ या रॅप गाण्यातील एक-दोन-तीन-चार ही मोजणी त्याने ध्रुवपदात घेतली आणि भोवती गिटार, फिडल, टाळ्या आणि पगार पुरत नसल्याची तक्रार गुंफली. वीस वर्षांपूर्वी जे लोक ती मोजणी ओरडत नाचले होते त्यांना ती पाठच होती. कंट्रीच्या श्रोत्यांना दिवसभर राबून संध्याकाळी बारमध्ये बसलेला माणूस पाठ होता. नव्याने शिकायचे कोणालाच फारसे उरले नव्हते. कंट्री यादीत या गाण्याने बियॉन्सेच्या ‘टेक्सस होल्ड ’एम’ची जागा घेतली, कृष्णवर्णीय कलावंतांची दोन गाणी तिथे लागोपाठ पहिली येण्याची ती पहिलीच वेळ. ‘हॉट १००’ वरही ते १९ आठवडे पहिले राहिले, म्हणजे ‘ओल्ड टाऊन रोड’च्या बरोबरीने. फरक पडला तो कंट्री रेडिओवर : तिथल्या वादनाच्या यादीत ‘ओल्ड टाऊन रोड’ ५० व्या क्रमांकावरच अडले होते, ‘अ बार साँग’ पहिल्या क्रमांकावर गेले.