संस्थानांचे हक्क आणि माणसांची मालकी

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंत गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केलें. त्या मुक्ततेसाठीं चार वर्षांचें घोर युद्ध व्हावें लागलें, आणि तें पेटलें अकरा संस्थानें संयुक्त राष्ट्रांतून फुटल्यामुळें. तीं कां फुटलीं? ‘संस्थानांच्या हक्कांसाठीं’ असें उत्तर पुढें अनेकांनीं दिलें. तें कसास लावून पाहणें अवश्य आहे.

१८६० च्या खानेसुमारींत गुलामांची संख्या सुमारें ४० लक्ष भरली. दक्षिणेंतील कापसाची शेती त्यांच्याच श्रमांवर चाले, आणि मळेवाल्यांचें मोठें भांडवल त्यांच्या देहांत गुंतलेलें होतें. त्याच वर्षीं लिंकन हे अध्यक्ष निवडून आले. असलेली गुलामगिरी मोडावी असें नव्हे, तर ती नव्या प्रांतांत पसरूं देऊं नये, इतकेंच त्यांच्या पक्षाचें धोरण होतें. परंतु नवीं संस्थानें गुलामांवांचून वसलीं म्हणजे विधिमंडळांत आपलें बळ घटेल, हें मळेवाले जाणून होते. म्हणून २० डिसेंबर १८६० रोजीं दक्षिण कॅरोलिना फुटलें, आणि लिंकन अधिकारारूढ होण्यापूर्वींच आणखी सहा संस्थानें त्याच्या मागोमाग गेलीं.

हक्कांची सबब खरी असती, तर तोच न्याय उत्तरेसही लागू झाला असता. परंतु पळालेले गुलाम धरून परत देण्याचा १८५० चा कायदा उत्तरेवर लादण्याचा आग्रह याच दक्षिणेचा! उत्तरेंतील संस्थानें आपलें हें कर्तव्य टाळतात, ही दक्षिण कॅरोलिनाच्या जाहीरनाम्यांतील एक मुख्य तक्रार होती. मिसिसिपीनें तर आपली बाजू गुलामगिरीशीं निगडित असल्याचें उघडच सांगितलें. फुटलेल्या संस्थानांच्या नव्या घटनेनें गुलामांवरील मालकीस बाध आणणारा कायदा करण्याची आपल्या विधिमंडळास मनाई केली.

हा न्याय परक्यांपुरताच ठेवणें बरें नव्हे. पेशवाईंत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे. १८४३ च्या कायद्यानें अशा मालकीचा कोर्टांतील आधार काढून घेतला, त्यासाठीं येथें युद्ध झालें नाहीं. कारण कुणबीण ही घरांतील राबणूक होती. राज्याचा वसूल मुख्यतः शेतसाऱ्यावर चाले. दक्षिण अमेरिकन संस्थानांत मात्र साऱ्या प्रदेशाची संपत्ति माणसांच्या मालकीवर उभी होती, म्हणून ती मालकी हक्कांची भाषा बोलूं लागली. अमेरिकेचा कित्ता आपल्या देशबांधवांनीं गिरवावा, अशी आशा फुल्यांनीं त्या अर्पणपत्रिकेंत केली आहे. हक्काचें नांव कोणी घेतलें असतां तो हक्क कोणाचा आणि कोणावर, हें आधीं विचारणें, हीच त्या कित्त्याची पहिली ओळ होय.