सणाची तारीख ठरते कशी?

गणेशचतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला आली, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. इंग्रजी कॅलेंडरवर मागेपुढे होणारा हा सण पंचांगात मात्र भाद्रपद शुद्ध चतुर्थीलाच असतो. सणांच्या तारखा निश्चित होतात त्या खगोलगणित आणि धर्मशास्त्र या दोहोंच्या आधारे. तिथी केव्हा लागते व केव्हा संपते, हे गणित सांगते. तिचा सण कोणत्या दिवशी करावा, हे धर्मशास्त्र ठरवते.

तिथीचे गणित

पृथ्वीवरून पाहता चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. ३६० अंशांत अशा ३० तिथी होतात. १५ शुद्ध पक्षात व १५ वद्य पक्षात. चंद्राची गती कमी-अधिक होत असल्याने एखादी तिथी सुमारे २० तासांत संपते, तर एखादीला २६ तासांहून अधिक वेळ लागतो. ती दिवसाच्या वा रात्रीच्या कोणत्याही क्षणी बदलू शकते. व्यवहारात सूर्योदयाची तिथी ही त्या दिवसाची तिथी मानतात. दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपणाऱ्या तिथीचा 'क्षय' होतो. लागोपाठ दोन सूर्योदयांना असलेल्या तिथीची 'वृद्धी' होते.

कर्मकाळ महत्त्वाचा

सणाच्या बाबतीत मात्र केवळ सूर्योदयाची तिथी पाहून भागत नाही. ज्या वेळी मुख्य विधी करावयाचा, त्या वेळी म्हणजे कर्मकाळी ती तिथी असावी लागते. रामनवमी व गणेशचतुर्थीला मध्यान्ह, विजयादशमीला अपराण्ह, लक्ष्मीपूजनाला सूर्यास्तानंतरचा प्रदोषकाळ, जन्माष्टमी व महाशिवरात्रीला मध्यरात्र, तर संकष्टीला चंद्रोदय पाहिला जातो. म्हणूनच कॅलेंडरवर तृतीया छापलेल्या दिवशीही संकष्टी असू शकते. तिथी दोन्ही दिवशी कर्मकाळी असेल वा एकाही दिवशी नसेल, तर काय करावे याचे नियम कमलाकर भट्टांचा 'निर्णयसिंधू' आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांचा 'धर्मसिंधू' या ग्रंथांत दिलेले आहेत.

२०२४ ची दिवाळी

हा प्रश्न किती अटीतटीचा होऊ शकतो, हे २०२४ मध्ये दिसले. आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३.५२ वाजता लागली आणि १ नोव्हेंबरला सायंकाळी ६.१६ वाजता संपली. ३१ तारखेला संपूर्ण प्रदोषकाळ अमावास्येचा होता. दुसऱ्या दिवशी मुंबईत सूर्यास्तानंतर ती जेमतेम काही मिनिटे उरली. उत्तर भारतात अनेक ठिकाणी ३१ ऑक्टोबरलाच दिवाळी झाली. महाराष्ट्रातील प्रमुख पंचांगांनी दोन्ही दिवशी प्रदोषकाळी अमावास्या असल्यास दुसरा दिवस घ्यावा, या नियमानुसार १ नोव्हेंबर दिला. गणितात वाद नव्हता. मतभेद होता तो नियमाच्या अर्थाविषयी.

लंडन व न्यूयॉर्क येथील मराठी कुटुंबांपुढे हा पेच नव्हता. तेथील घड्याळानुसार १ नोव्हेंबरच्या सूर्यास्तापूर्वीच अमावास्या संपत होती. त्यामुळे ३१ ऑक्टोबर हाच दिवस उरत होता. तिथी बदलण्याचा क्षण जगभर एकच असला, तरी सूर्योदय व सूर्यास्त स्थानिक असतात.

अधिक मास कशासाठी?

बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर सौरवर्ष ३६५ दिवसांचे असते. हा अकरा दिवसांचा फरक साठत गेला, तर दिवाळी हळूहळू उन्हाळ्यात येईल. ते टाळण्यासाठी ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत होत नाही, तो अधिक मास धरतात. साधारण पावणेतीन वर्षांनी तो येतो. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक श्रावण होता. म्हणूनच २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला आलेले गणपती २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला आले. मकरसंक्रांत मात्र सूर्यावर अवलंबून असल्याने ती सध्या १४ किंवा १५ जानेवारीलाच येते.

महिन्यांच्या नावांतही प्रांतभेद आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीला येणारी जन्माष्टमी तेथे भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणून साजरी होते. रात्र मात्र तीच असते.

दोन कॅलेंडरांत दोन तारखा दिसल्या, तर त्यांपैकी एक चुकलीच असे समजण्याचे कारण नाही. ते पंचांग कोणत्या गावच्या सूर्योदयावर आधारलेले आहे आणि कोणता शास्त्रार्थ मानते, हे आधी पाहावे.