जगायला निघालेला चित्रकार

माणदेशात दुष्काळ हा पाहुणा नाही, घरचाच. पाऊस हुकला की माणसं ‘जगायला’ बाहेर पडतात, शब्द त्यांचाच. धनगर मेंढरं हाकत चाऱ्यापाण्याच्या मुलखाकडे सरकतात. आटपाडी-विट्याकडची कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. मोडीचं सोनं आटवून शुद्ध करणं म्हणजे गलाई. जिथं ज्वारीचं पीक हाती येण्याची खात्री नाही, तिथल्या पोरांनी परमुलखात भट्टीपुढं बसून सोनं गाळावं, हा या भागाचा इतिहास.

व्यंकटेश माडगूळकर याच मुलखातले. जन्म १९२७ चा, माडगूळचा. त्यांच्या चरित्रात शिक्षक, भूमिगत, चित्रकार, पत्रकार, पटकथाकार, आकाशवाणीवरचा नोकरदार अशी वळणं ओळीनं येतात. वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस छंदी आणि चंचल असावा. छंदी होताच. पण बरीचशी वळणं छंदानं घेतलेली नाहीत, पोटानं घेतली आहेत. गावचे बाकीचे मेंढरं घेऊन निघाले, हे पेन्सिल घेऊन निघाले, एवढाच फरक.

माडगूळ तेव्हा औंध संस्थानात. वडील संस्थानच्या नोकरीत कारकून. राजा भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. सूर्यनमस्कारांचं त्यांना वेडच होतं, आणि १९३८ साली त्यांनी औंधला चित्र-शिल्पांचं संग्रहालय उभं केलं. राजाच ब्रश हातात धरतो म्हटल्यावर कारकुनाच्या पोरानं चित्रकार व्हायचं मनात आणलं, तर त्यात वावगं काय?

पण आधी पगार. मिसरूडही न फुटलेल्या वयात ते जवळच्या निंबवड्याला प्राथमिक शाळेत शिकवत होते. मग बेचाळीसच्या चळवळीचं वारं लागलं, काही काळ भूमिगत राहावं लागलं. शाळा सुटली ती सुटलीच. चळवळ ओसरल्यावर चित्रकला शिकायला कोल्हापूर गाठलं. थोरले बंधू ग. दि. माडगूळकरही मॅट्रिकला अडकल्यावर त्याच कोल्हापुरात सिनेमाच्या नादानं गेले होते. शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलांना तेव्हा हे शहर बरं सांभाळून घेई.

कोल्हापुरात रेषेबरोबर वाचन वाढलं. इंग्रजी शाळेत नीट शिकायला मिळालं नव्हतं, ते पुस्तकं वाचण्यासाठी स्वतःच शिकून घेतलं. १९४६ साली ‘अभिरुची’ मासिकात ‘काळ्या तोंडाची’ ही कथा छापून आली. लेखक एकोणीस वर्षांचा, कथा एका कुत्रीची. तीन वर्षांनी ‘माणदेशी माणसं’.

या पुस्तकात चित्रकार कुठं गेला ते बघावं. तो कुठंच गेलेला नाही. ‘धर्मा रामोशी’ घ्या. म्हातारा अंग झाकायला धोतर मागतो, त्याला ते मिळतं. तरी पुढं तो उघडाच. निवेदक त्याच्या घरी जातो, तेव्हा ते धोतर म्हाताऱ्याच्या लेकीच्या अंगावर असतं. बस्स. गरिबीवर प्रवचन नाही, उसासा नाही. काय दिसलं तेवढं सांगायचं आणि हात उचलायचा. रेखाटन करणाऱ्यालाच कळतं, कुठली रेष ओढायची नाही ते.

पुढं पत्रकारिता झाली, मुंबईत सिनेमा झाला. ‘सांगत्ये ऐका’ची पटकथा त्यांची. पण स्थैर्य दिलं ते पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रम विभागानं. मराठीत निव्वळ लेखणीवर चूल पेटवणारे फार थोडे. खांडेकर शिरोड्याला मास्तर होते, श्री. ना. पेंडसे ‘बेस्ट’मध्ये नोकरीला होते. माडगूळकरांच्या वाट्याला आलेली नोकरी निदान गावाकडच्या बोलीशी नातं राखणारी होती. १९५५ साली याच पुणे केंद्रावरून थोरल्या भावाचं ‘गीतरामायण’ घराघरात पोचत होतं, आणि त्याच वर्षी धाकट्याची ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपानं आली.

‘बनगरवाडी’त निंबवड्याचा पोरसवदा मास्तर आहे, तालमीच्या उद्घाटनाला येणारा राजा आहे आणि शेवटी दुष्काळानं ओस पडणारी वाडी आहे. ज्या वर्षांना चरित्रकार ‘लेखनापूर्वीचा काळ’ म्हणतात, ती वर्षं जवळजवळ जशीच्या तशी इथं येऊन बसली.

तरी वळणं थांबली नाहीत. शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्यासह गावोगाव कथाकथन, ‘पती गेले गं काठेवाडी’सारखं नाटक, आणि शिकार. शिकारीची बंदूक सुटली, दुर्बीण आली, वही होतीच. वानरटोळ्यांमधल्या सत्तेच्या झगड्यावर ‘सत्तांतर’ लिहिलं, त्याला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माकडांवरची कादंबरी म्हणून काहींनी तेव्हा नाकं मुरडली असतील. प्रस्तुत लेखकाच्या मते तीच त्यांची सगळ्यात धीट कृती.

त्याच १९८३ साली अंबाजोगाईच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. शाळा अर्धवट सोडलेला माणूस, माणदेशातून जगायला निघालेला. चित्रं काढणं त्यांनी सोडलं नाही. ‘जनावनातली रेखाटणं’ हे पुस्तक मिळालं तर जरूर बघा. आधी रेषा बघा, मजकूर मागाहून वाचा.