कुंकू, कलप आणि कर्करोग : कृष्णाकाठच्या प्रसाधन-इतिहासातील एक प्रश्न

स्त्रियांच्या प्रसाधनाचा इतिहास आपल्याकडे बहुधा वेशभूषेच्या इतिहासाचे उपांग म्हणून लिहिला जातो. परंतु केसांना लावावयाचा कलप आणि स्तनाचा कर्करोग यांचा काही संबंध आहे काय, हा प्रश्न पुढे आल्यापासून त्या इतिहासाला आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्व आले आहे. सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

या परिसरातील जुने प्रसाधन शेताशी निगडित होते. सांगली ही हळदीची मोठी पेठ. जवळच्या हरिपूर येथे जमिनीखालील पेवांत हळद साठविली जाई; २००५ च्या महापुराने त्या पेवांची फार हानी केली. हळदीवर टाकणखार व लिंबाचा रस यांचा संस्कार करून पारंपरिक कुंकू होत असे. न्हाण्यास शिकेकाई व रिठा, तेलात माका व जास्वंद आणि कुंकू टिकावे म्हणून त्याखाली मेण, एवढ्यावर फणी-करंड्याचा संसार चाले. मात्र जुने ते सर्व निर्दोष, असा निष्कर्ष काढता येत नाही. डोळ्यांत घालावयाच्या सुरम्यात शिसे आढळते, हे येथे स्मरणात ठेवावे.

आधुनिक कलपाचा उगम प्रयोगशाळेत आहे. पॅराफेनिलिनडायअमिन हे रसायन एकोणिसाव्या शतकात युरोपात सिद्ध झाले व पुढे केशरंगांत वापरले जाऊ लागले. मेंदीचे निव्वळ पान केसांस तांबूस रंग देते; ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पुड्यांत हेच रसायन असते. १९४० च्या औषध कायद्याच्या कक्षेत सौंदर्यप्रसाधने आली ती १९६२ च्या दुरुस्तीने. या रसायनाच्या कलपावर सूचना छापण्याचे बंधन आहे. परंतु ती सूचना त्वचेच्या दाहाविषयी व डोळ्यांच्या अपायाविषयी आहे, कर्करोगाविषयी नाही.

कर्करोगाचा संशय १९७५ मध्ये बळावला. ब्रूस एम्स व त्यांच्या सहकाऱ्यांना त्या वर्षी अनेक केशरंग जीवाणूंत जनुकीय बदल घडवितात असे आढळले. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तनाच्या व्यवसायातील संपर्क ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविला, तो मुख्यतः मूत्राशयाच्या कर्करोगावरून. वैयक्तिक वापराविषयी मात्र निर्णयास पुरेसा पुरावा नाही, असे तिने म्हटले. २०१९ मध्ये अमेरिकेतील ४६,७०९ स्त्रियांच्या पाहणीत कायम टिकणारा कलप वापरणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका ९ टक्क्यांनी अधिक दिसला; कृष्णवर्णीय स्त्रियांत ही वाढ ४५ टक्के होती. याचा अर्थ शंभरांतील नऊ जणींना रोग होतो असा नव्हे. मूळ प्रमाण शंभरांत पाच धरल्यास ते सुमारे साडेपाच होईल. उलट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,१७,२०० परिचारिकांच्या ३६ वर्षांच्या पाहणीत बहुतेक कर्करोगांशी संबंध आढळला नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या काही संप्रेरक-निरपेक्ष प्रकारांत मात्र अल्प वाढ दिसली.

हे निष्कर्ष आपल्याकडे लावताना इतिहासाची दृष्टी उपयोगी पडते. मुंबईची कर्करोग-नोंदणी १९६३ मध्ये आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली. बार्शीकडे स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या मानाने पुष्कळ कमी आढळले. मुंबईकर स्त्री बाटलीतील प्रसाधने अधिक वापरीत असेल; पण तिचा विवाह उशिरा होत होता, पहिले मूल उशिरा होत होते, अपत्ये थोडी होती, अंगावर पाजण्याचा काळही कमी होता. ही सर्व या रोगाची सिद्ध कारणे होत. करंड्यातून शिकेकाई गेली व कलप आला, त्याच काळात संसाराचे रूपही पालटले. म्हणून या दोन प्रवाहांची फारकत केल्यावाचून एकट्या बाटलीस दोषी ठरविणे अशास्त्रीय होय. आणि तिला निर्दोष ठरविणेही तितकेच घाईचे.

१८९४ मध्ये वॉन्लेस यांचे रुग्णालय उघडल्यापासून मिरज हे दूरदूरच्या रुग्णांचे आश्रयस्थान बनले. तेथील व कऱ्हाडच्या रुग्णालयांनी रुग्णेचा पूर्वेतिहास लिहिताना वय व अपत्यसंख्येबरोबरच कलप कोणता, किती वर्षे, हेही विचारावे. केशकर्तनालयांत काम करणाऱ्यांचा धोका तर स्वतंत्रपणे नोंदवावा. तोवर एका भयाने दुसरे झाकले जाऊ नये. कलप टाकून निश्चिंत झालेली स्त्री स्तनातील गाठ संकोचाने लपवीत असेल, तर तिची सावधगिरी व्यर्थ आहे. मुंबईत १९९८ मध्ये आरंभिलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी तपासणी केली. पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांनी घटले. कलपाचा वाद मिटण्याची वाट न पाहता एवढे तरी कृष्णाकाठी करता येण्याजोगे आहे.