खेळ भरवणारे

'घरबसल्या स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिका' ही जाहिरात डहाणू-तलासरीतल्या मुलाने थांबून वाचली, तर त्याला हसू नये. तलासरीला रेल्वे स्टेशन नाही. मुंबईची लोकल २०१३ साली डहाणू रोडपर्यंत आली आणि तिथेच थांबली. रोज मुंबईला जाऊन शिकणं इथून कुणाला जमणार? मात्र हे क्षेत्र आयपीएलमुळे जन्माला आलं, असं जे सर्रास समजलं जातं, ते बरोबर नाही.

१९१९ सालचं पुणं बघा. दोराबजी टाटा डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या शर्यतींत धावणारे बहुतेक शेतकरी होते, अनवाणी, कसलंही प्रशिक्षण नसलेले. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या आहेत, हे दोराबजींच्या लक्षात आलं. कमी होती ती भरवणाऱ्यांकडे. स्पर्धा शास्त्रशुद्ध कशा घ्यायच्या याची कार्यकर्त्यांना माहिती नव्हती. एकाने तर शंभर मैलांची शर्यत सुचवली होती! दोराबजींनी पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात हे सगळं सांगितलं आहे. मग समिती नेमली, परवानगी मिळवली, निवड चाचण्या घेतल्या, पैसे उभे केले आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला सहा खेळाडू गेले. सोबत मॅनेजर म्हणून सोहराब भूत होते. फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पायांत दम आधीपासूनच होता, घड्याळ आणि बोटीचं तिकीट नंतर आलं.

व्यवस्था नसली की काय होतं, तेही आपल्याकडेच घडलं. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. मला ती लाजिरवाणी वाटते.

अमेरिकेत बेसबॉल क्लबचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ साली जेम्स मेसन या प्राध्यापकांना विचारलं, की क्लब चालवायला शिकलेला माणूस मिळेल कुठे? त्यातून १९६६ साली ओहायो विद्यापीठात या विषयाची पहिली पदव्युत्तर पदवी सुरू झाली. मुंबईत २०१० साली नीलेश कुलकर्णींनी अशी संस्था काढली. हे तेच डोंबिवलीचे फिरकीपटू, ज्यांनी कसोटीतल्या पहिल्याच चेंडूवर विकेट घेतली आणि मग श्रीलंकेच्या ९५२ धावा बघितल्या.

आता डहाणू. गावातली कबड्डी किंवा टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा भरवणारी पोरं ड्रॉ काढतात, पंच आणतात, वर्गणी गोळा करतात, जनरेटरवाल्याशी घासाघीस करतात, भांडणं मिटवतात. कोर्समध्ये यालाच इव्हेंट ऑपरेशन्स आणि स्पॉन्सरशिप म्हणतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नोकरी मागताना लिहिलेला कोड दाखवता येतो. या पोरांकडे दाखवायला काहीच उरत नाही, कारण जमाखर्चाची वही स्पर्धा संपताच हरवते. ती जपा, फोटो काढून ठेवा.

आणि फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. हा नुसता सर्टिफिकेट कोर्स आहे, की यूजीसीची मान्यता असलेली पदवी? आणि इंटर्नशिप मुंबईत बिनपगारी असेल, तर तितके महिने राहायचं कुठे आणि कुणाच्या पैशाने?