एका काडतुसाचा इतिहास



माझे बालपण वडोद्याच्या जुन्या कोटात, पाणीगेटच्या आतील घरात गेले. आजोबांच्या पेटीत परवान्याचे एक बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर असे. झाडलेल्या काडतुसाच्या पितळी नळीत फुंकर घालून मी शिट्टी वाजवीत असे. एके दिवशी चुकून भरलेले काडतूस माझ्या हाती आले. आजोबांनी ते शांतपणे काढून घेतले आणि उरलेली सारी काडतुसे नोंदीशी ताडून पुन्हा मोजली. आजच्या विषयाचे बीज त्या मोजणीत आहे.

अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने १८७८ साली बत्तीसचे आखूड काडतूस काढले. १८९६ मध्ये त्याची नळी सुमारे १५ मिलिमीटरवरून २३ मिलिमीटरपर्यंत वाढविली. जाडी मात्र तीच राखली. त्यामुळे नव्या रिव्हॉल्व्हरच्या घरात जुने काडतूसही बसे. पुढे १९८४ आणि २००७ साली याच घराण्यात आणखी लांब व जोरकस काडतुसे आली, तरी त्यांच्या रिव्हॉल्व्हरांतून पूर्वजांचा वापर चालूच राहिला. लांबाने आखडाला सामावून घेतले. उलट मात्र शक्य नव्हते.

या काडतुसाचा धक्का सौम्य, म्हणूनच नेम स्थिर. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील पोलिसांनी ते वापरले. पुढे सपाट तोंडाची गोळी बसवून नेमबाजांनी ते आपलेसे केले, कारण ती कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल छिद्र पाडते. पंचवीस मीटर सेंटर फायर प्रकारात ते जगभर रूढ झाले. याच प्रकारात जसपाल राणा यांनी २००६ साली दोहा येथे सुवर्णपदक मिळविले.

आपल्याकडे अडतीससारखी लष्करी बोअर सामान्य नागरिकास वर्ज्य ठरली, त्यामुळे परवानाधारकाच्या वाट्यास बत्तीस आले. रिव्हॉल्व्हर कानपूरचे, तर काडतूस १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या कारखान्याचे. २०१४ साली महिलांना समोर ठेवून काढलेले 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरही याच काडतुसाचे.

रक्षण, क्रीडा आणि हिंसा, तिन्ही वाटा त्याच पितळी नळीतून निघतात. वाट निवडण्याचे सामर्थ्य काडतुसात नसते. म्हणून त्याच्या उपयोगांची यादी करणाऱ्या इतिहासकारानेही, माझ्या आजोबांप्रमाणे, शेवटी काडतुसे मोजावीत आणि त्यांतले प्रत्येक कोठे गेले ते विचारावे.